गिरमिट ते परमिट

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाचे पासपोर्ट छापले जातात. त्यामुळे आमच्या भागात प्रत्येक गल्लीत पासपोर्टाबद्दल अधिकारवाणीने बोलणारा एकतरी माणूस सापडतो. तरीही गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलाला, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या, एजंटाने पटवलेच होते, "मॉरिशसला व्हिसा लागतच नाही, आधी पोच, परमिटचं मग बघू." अर्धी गोष्ट खरी. पर्यटक भारतीयाला तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण पर्यटक म्हणून उतरून नोकरी धरणे हा तिथे गुन्हा आहे. वडिलांनी चार ठिकाणी चौकशी केली, म्हणून पोरगा वाचला.

हे बेट परक्या माणसाच्या कागदाबाबत इतके काटेकोर का, याचे उत्तर जुने आहे. तिथे मूळचे असे कोणीच नाहीत. सगळे बाहेरून आले, आणि बहुतेक जण कुणाच्या तरी करारावर. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, त्याआधीच उसाच्या मळेवाल्यांनी मजुरांची सोय बघायला घेतली होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलस’ जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. करार (‘अ‍ॅग्रीमेंट’, मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’) पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. (कागदोपत्री त्यांना ‘धांगर’ म्हटले आहे. आपले धनगर नव्हेत, छोटा नागपूरचे आदिवासी.) पुढे मुंबई बंदरातूनही कोकणातली माणसे गेली. त्यांचे वंशज आज तिथे गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय तिथे उतरले. ज्या धक्क्यावर त्यांची नोंद व्हायची, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे.

त्या नोंदीतच आजच्या परमिटाचे मूळ आहे. प्रत्येकाला एक क्रमांक, ओळखीचे एक तिकीट, आणि 1860च्या दशकापासून फोटोही. करार संपवून मोकळ्या झालेल्या मजुरालाही 1867च्या कायद्याने हा फोटो लावलेला कागद सतत जवळ बाळगायला लावला. पोलिसाने अडवले आणि कागद नसला, की भटक्या म्हणून अटक. या जाचाविरुद्ध 1871 मध्ये 9,401 जुन्या मजुरांनी अर्ज केला. तो लिहायला अडॉल्फ द प्लेवित्झ नावाचा एक मळेवालाच पुढे आला, हे विशेष. मग रॉयल कमिशन, म्हणजे ब्रिटिश सरकारची चौकशी समिती, आले आणि 1878 मध्ये कायदा काहीसा सैलावला.

1968 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा उलटी चिंता होती: घरचीच पोरे बेकार. म्हणून सत्तरच्या दशकात परक्यांच्या नोकरीवर निर्बंध घालणारा कायदा आला. पुढे कापड कारखाने वाढले, हात कमी पडू लागले आणि चीन, भारत, बांगलादेशातून कामगार आणावे लागले. त्यानंतर 2005 मध्ये कापडाचा जागतिक कोटा, म्हणजे कोणत्या देशाने किती कापड निर्यात करायचे याची मर्यादा, संपला आणि युरोपने साखरेची हमी किंमत 36 टक्क्यांनी उतरवायचे ठरवले. दोन्ही खांब एकदम डळमळले. पैसा आणि कसब बाहेरून आणण्यासाठी 2006च्या कायद्याने ‘ऑक्युपेशन परमिट’ काढले. तोवर कामाचा आणि राहण्याचा परवाना वेगवेगळा मागावा लागे, आता गुंतवणूकदार, व्यावसायिक नोकरदार आणि स्वयंरोजगारी यांना दोन्ही एकत्र मिळू लागले. निवृत्तांसाठी पन्नाशीनंतरची वेगळी वाट आहे. करोनाकाळात, 2020 मध्ये, परदेशातला पगार घेऊन तिथे बसून काम करणाऱ्यांसाठी वर्षभराचा ‘प्रीमियम व्हिसा’ही आला.

शिलाई मशीनवरचा कामगार मात्र या सवलतीत नाही. त्याला कामगार खात्याचाच परवाना लागतो, आणि तो अमुक मालकाकडच्या अमुक कामापुरता. माझ्या मते 1834 चा करार इथे अजून पुरता पुसलेला नाही. पाच रुपयांचे आकडे बदलले, मालकाचे नाव कागदावर राहिलेच.

आता उलटी वाहतूकही सुरू आहे. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात ये-जा करण्याची आणि राहण्याची मुभा देणारे) देण्याची घोषणा केली. त्यासाठी पूर्वज भारतातून आल्याचा पुरावा लागतो. तो शोधायला लोक मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जातात. तिथे जपलेल्या वह्यांत पणजोबांचा क्रमांक असतो, गावाचे नाव असते, आणि नशीब असेल तर पोलिसांनी ओळखावे म्हणून काढलेला तो फोटोही.