लायटी बदलायच्या आधी वाचा: मोठे बल्ब, काळे लेप आणि पासिंग

"माका रात्रीचा काय दिसतच नाय, मोठो बल्ब घाला." कुडाळात गाड्यांच्या वायरिंगचं काम सुरू केल्यापासून हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. आता त्यात नवी भर पडली आहे: "त्या पांढऱ्या एलईडी टाका", "मागच्या लायटींना स्मोक मारून द्या". आम्ही नाही म्हटलं की माणूस नाराज होतो आणि पुढच्या दुकानात जातो. मग सहा महिन्यांनी ओरोसला पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) गाडी नेतो आणि तिथून आम्हालाच फोन करतो. दर वेळी काउंटरवर उभं राहून तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं आहे. घरी नेऊन वाचा.

आधी उजेड कुठे जातो ते बघू

आपल्याकडे हेडलाईट मंद होण्याचं कारण बहुतेक वेळा बल्ब नसतोच. कारण असते खारी हवा. मालवण, वेंगुर्ले, देवगड इथल्या गाडीच्या बल्बचा होल्डर मागून काढून बघा. पितळी पट्ट्यांवर हिरवट भुकटी साचलेली दिसेल. अर्थिंगची वायर जिथे बॉडीला बोल्टने बांधलेली असते तिथे गंज. बॅटरीपासून निघालेला करंट या दोन ठिकाणी अडतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावला तर साधारण १४ व्होल्ट दिसतात, आणि त्याच गाडीच्या होल्डरवर साडेबारा. दीड व्होल्ट म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण हॅलोजनचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. तुम्ही नव्या बल्बचे पैसे मोजायला निघालेले असता, आणि खरं काम असतं सँडपेपरने अर्थिंगचा बोल्ट घासून त्यावर ग्रीस लावण्याचं.

मासळीच्या टेम्पोवाल्यांसाठी वेगळं सांगतो. हौद्यातून बर्फाचं खारं पाणी गळतं ते थेट मागच्या लाईटच्या जोडावर. तिथे नुसती टेप गुंडाळून भागत नाही. टेपच्या आत पाणी शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं. जोड सोल्डर करून वर हीटची (गरम केली की आवळणारी) नळी चढवावी लागते.

दुसरं कारण काच. आता हेडलाईटची 'काच' खरं म्हणजे प्लास्टिकची असते. उन्हाने तिच्यावरचा संरक्षक थर जातो आणि ती पिवळी, धुरकट होते. टूथपेस्टने घासायचा उपाय मोबाईलवर सगळ्यांनी पाहिला आहे. चमक येते, दोन महिन्यांत जाते, कारण वरचा थर परत बसलेला नसतो. पाण्याखाली बारीक पेपरने घासून, पॉलिश करून वर नवा थर मारला तर ती टिकते.

तिसरं कारण फोकस, म्हणजे उजेड किती खाली-वर पडतो ते. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण पासिंगलाही तोच नडतो.

मोठा बल्ब

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा हॅलोजन हेडलाईटमध्ये एच-४ बल्ब येतो, ६०/५५ वॉटचा. म्हणजे अप्परला (लांबच्या उजेडाला) ६०, डिपरला (खाली वळवलेल्या उजेडाला) ५५. दुकानातून लोक १००/९० चा आणतात. बारा व्होल्टवर ६० वॉटला पाच अँपिअर लागतात, १०० ला आठच्या वर. वायर तीच, आणि तिच्यातली उष्णता होते जवळजवळ पावणेतीनपट.

लपवायचं कशाला, सुरुवातीच्या काळात आम्हीही असे बल्ब बसवले आहेत. एका जीपचा मालक आंबोलीहून परत आला तो बॉनेटमधून जळका वास घेऊन. होल्डर वितळून बल्बला चिकटला होता. पक्कडीने ओढला तेव्हा मधाच्या पोळ्यासारखा तुटून हातात आला. त्या दिवसापासून हे काम बंद. रिले (बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच) टाकून वायरिंग वाचवता येतं, पण उजेड समोरच्याच्या डोळ्यात जायचा तो जातोच, आणि बल्ब बेकायदा तो बेकायदाच.

हॅलोजनच्या घरात एलईडी

हे जरा समजून घ्या, कारण "कंपनी पण एलईडीच देते की" हा प्रश्न रोज येतो. कंपनी देते ती आख्खी हेडलाईट एलईडीसाठी बनवलेली असते. आपण करतो ते म्हणजे एकाच्या घरात दुसऱ्याला राहायला पाठवणं.

एच-४ बल्ब हातात घेऊन निरखा. आत दोन तारा दिसतात. पुढच्या, म्हणजे डिपरच्या तारेखाली छोट्या पळीएवढी धातूची वाटी असते. त्या वाटीमुळे डिपरचा उजेड खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरवर पडतच नाही. तो फक्त वरच्या अर्ध्यावर पडून खाली रस्त्याकडे वळतो. डिपरची वरची कड भिंतीवर सरळ रेघेसारखी दिसते ती यामुळे. तार तिच्या जागेपासून मिलिमीटरभर सरकली तरी ही रेघ बिघडते. बाजारातल्या एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी चपट्या पट्टीवर बसवलेल्या चिप असतात आणि वाटीची नक्कल कशीबशी केलेली असते. परिणाम असा की तुमच्या बॉनेटसमोर लख्ख पांढरं दिसतं, लांबचं काही दिसत नाही, आणि समोरून येणारा स्कूटरवाला डोळे मिटतो.

कोकणापुरती आणखी एक अडचण आहे. या बल्बच्या मागे पंखा किंवा जाड पंख असतात, त्यामुळे हेडलाईटमागचं रबरी झाकण बसत नाही. मग ते काढून ठेवतात. जून उजाडला की आत दमट हवा, शेवाळ, एकदा तर झुरळंही. दोन पावसाळ्यांत रिफ्लेक्टरची चांदी उडते. मग हेडलाईटच नवी घ्यावी लागते.

निळसर पांढऱ्या रंगाबद्दल आमचं मत विचाराल तर पावसात तो नकोच. ओल्या डांबरावर तो उजेड उठून दिसत नाही, आणि आंबोलीच्या धुक्यात तर समोर पांढरी चादर टांगल्यासारखं होतं. कंपनीचा पिवळसर हॅलोजन तिथे डोळ्याला बरा.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि केंद्रीय नियम १९८९ चे. कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेली मूळ रचना परस्पर बदलायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यात मालकाने, बाहेरचे भाग बसवून का होईना, नियमात न बसणारा फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक फेरफारामागे' हे शब्द नीट वाचा. मालकाने, हेही वाचा. बसवणारा मेकॅनिक कोण होता, हे रस्त्यावर कोणी विचारत नाही.

डोळे दिपण्याबद्दल नियम १०६ आहे आणि तो आम्हाला फार आवडतो, कारण त्यात हवेतलं काही नाही, सरळ मापं आहेत. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कोणाचे डोळे असतील तर त्याला दिपता कामा नये. किंवा ड्रायव्हरला उजेड खाली वळवता आला पाहिजे, म्हणजेच डिपर. आमच्या शटरवर खडूने एक फुली काढलेली आहे, ती याच मापाने. मुलं तिला क्रिकेटचा स्टंप समजतात. गाडी समोर आठ मीटरवर लावायची, डिपर द्यायचा आणि स्वतः जाऊन फुलीशी डोळे नेऊन उभं राहायचं. "लाईट बरोबर आहे" म्हणून भांडणारे बरेच जण तिथून डोळे चोळत परत येतात.

मागच्या लायटींचा काळा लेप

हा प्रकार आम्हाला सगळ्यांत धोक्याचा वाटतो, कारण चालवणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबरप्लेट तिच्यावरच्या पांढऱ्या दिव्यात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे, असं नियम १०५ सांगतो. स्मोकचा स्प्रे किंवा काळी फिल्म मारली की रात्री टेललाईट कशीबशी दिसते. दिवसा, त्यातही पावसाच्या सरीत, ब्रेक दाबलेला कळतच नाही. कशेडी किंवा भोस्ते घाटात मागून भरलेला ट्रक येत असेल तर पुढचं सांगायला नको.

गेल्या वर्षी एक पिवळ्या पाटीची गाडी पासिंगहून तशीच परत आली. इंजिन, ब्रेक, टायर सगळं ठीक, अडली ती मागच्या दोन काळ्या दिव्यांवर. मालकाने स्प्रे थिनरने पुसायचा प्रयत्न केला आणि प्लास्टिक पांढरं फटफटीत करून ठेवलं. शेवटी नव्या टेललाईट घ्याव्या लागल्या. फिल्म असेल तर ड्रायरने गरम करून हळूच सोलता येते. स्प्रे असेल तर थिनर लावू नका, आमच्याकडे घेऊन या.

हेडलाईटवर पिवळी, निळी फिल्म लावणंही आम्ही करत नाही.

रंगांचं थोडक्यात

पुढे लाल उजेड नको, मागे लालशिवाय दुसरा नको. अपवाद इंडिकेटर, रिव्हर्स आणि नंबरप्लेटच्या दिव्याचा. पोलिसांच्या गाडीसारखे लाल-निळे लुकलुकणारे दिवे लावून फिरणारे दिसतात. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचाही लाल दिवा गेला, तुमच्या जीपला कशाला हवा? इंडिकेटर नारिंगीच हवा, आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. इंडिकेटरमध्ये एलईडी बल्ब टाकल्यावर तो चळ लागल्यासारखा पळतो. इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला आहे, म्हणून तसं होतं.

टपावरच्या आणि बंपरवरच्या सर्चलाईटच्या पट्ट्या: नियम १११, आरटीओच्या पूर्वपरवानगीशिवाय नाही. रानात डुकरं बघायची हौस असेल तर हातातली बॅटरी घ्या.

दुचाकीवाल्यांसाठी: १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीची हेडलाईट इंजिनबरोबर आपोआप लागते. "दादा, लाईट चालू राहिली" असं रस्त्यात दहा जण सांगतील. सांगू देत. त्यासाठी बंद करायचं बटण आम्ही बसवून देणार नाही.

खिडक्यांच्या काचा

पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला काळ्या फिल्मवर बंदी घातली. कंपनीतूनच हलका रंग घेऊन आलेली काच या मापात असते, ती चालते. ऊन लागतं हे खरं आहे, आमच्याही गाडीत लागतं. फिल्मचं काम आमच्याकडे होत नाही.

पासिंगला नेताना

रिक्षा, टेम्पो, टूरिस्ट गाडी नवी असेल तर पहिली दोन वर्षं चिंता नाही, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. घरच्या गाडीला पंधरा वर्षांनी, आणि पुढे दर पाच वर्षांनी. घरच्या गाडीवाल्यांना वाटतं पंधरा वर्षं कोण बघतंय. बांद्याच्या नाक्यावर बघतात, आणि चलन घरी येतं.

फोकस घरी तपासता येतो. टायरमध्ये हवा बरोबर भरा, सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, ड्रायव्हरच्या सीटवर कोणाला तरी बसवा. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर मांडा. डिपरची वरची कड त्या खुणेच्या साधारण दहा सेंटीमीटर खाली हवी. हेडलाईटच्या वरच्या बाजूला किंवा बॉनेटखाली १.० किंवा १.२ टक्के असा आकडा छापलेला सापडला तर तोच धरा: दहा मीटरवर १० किंवा १२ सेंटीमीटर.

एवढं करूनही समोरचे लोक अप्पर मारत असतील तर स्टिअरिंगच्या बाजूची ० ते ३ आकड्यांची चकती बघा. कित्येकांना ती कशाची आहे हेच ठाऊक नसतं. एप्रिल-मेमध्ये मागे आंब्याच्या पेट्या भरल्या की गाडीचं नाक वर होतं आणि डिपर सरळ समोरच्याच्या कपाळावर जातो. तेव्हा चकती २ किंवा ३ वर न्यायची. पेट्या उतरवल्या की परत ०.

मालाच्या गाड्यांना चमकणारी टेप लागते: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. चिखलाने माखलेली टेप म्हणजे नसल्यातच जमा. पासिंगच्या सकाळी ओल्या फडक्याने पुसा.

आणि एक, पासिंगशी संबंध नसलेलं. पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून घाट उतरू नका. तुम्ही वळणार आहात की थांबला आहात, मागच्याला कळायला मार्ग राहत नाही. डिपर लावा, तेवढा पुरे.

आमच्याकडे काय होतं

पासिंगच्या आदल्या संध्याकाळी नको, आठ दिवस आधी गाडी आणा, म्हणजे एखादा भाग मागवावा लागला तर वेळ मिळतो. होल्डर आणि अर्थिंग साफ करणं, व्होल्टेज मोजून दाखवणं, काच पॉलिश, मूळ वॉटचे बल्ब, फोकस लावणं ही कामं होतात. नुसता फोकस बघायचा असेल तर त्याचे पैसे घेत नाही, पण त्यासाठी अंधार पडल्यावर या, शटरवरची फुली दिवसा उपयोगाची नाही. आधीच्या मालकाने काय काय बसवलं आहे ते माहीत नसेल तर तेही सांगा. वायर कुठे कापली आहे ते शोधण्यातच अर्धा दिवस जातो.

चतुर्थीच्या आधीचा आठवडा टाळा. मुंबईहून निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्या त्या दिवसांत रात्री-अपरात्री दारात उभ्या असतात, आणि रस्त्यात अडकलेल्याला आम्ही आधी घेतो.