बंद युरेनियम खाणींची सफाई : मध्य आशियातला निधी कोणाला मिळतो, कागदपत्रं कोणती लागतात?

सोव्हिएत काळात किरगिझस्तान, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तानात युरेनियमच्या खाणी चालल्या. त्या बंद पडल्या, पण किरणोत्सारी गाळाची तळी आणि खडकांचे ढीग तिथेच राहिले. ते आवरायला युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने २०१५ मध्ये एक निधी स्थापन झाला. युरोपीय पुनर्रचना आणि विकास बँक, म्हणजे ईबीआरडी, तो सांभाळते. हे अनुदान आहे, कर्ज नव्हे.

अर्ज सरकारच करू शकतं. गावकरी किंवा खासगी कंपनी नाही. प्राधान्याच्या जागाही ठरलेल्या सात : मिन-कुश, शेकाफ्तार, मैलू-सू, देगमाय, इस्तिकलोल, चारकेसार आणि यांगियाबाद.

कागदांत पहिला मान बँक आणि त्या देशातल्या मूळ कराराचा. तो झाल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. मग व्यवहार्यता अहवाल आणि पर्यावरण परिणाम अहवाल. यांचा खर्च युरोपीय आयोगाने उचलला, हे बरं झालं. नाहीतर गाडी इथेच अडकली असती. त्यानंतर देणगीदारांची मंजुरी, अनुदान करार, देशातल्या नियामकांचे परवाने आणि शेवटी निविदा.

अहवालांना इतकं महत्त्व का, ते मैलू-सूमध्ये कळतं. १९४६ ते १९६८ इथे युरेनियम निघालं. गाळाच्या २३ जागा मागे राहिल्या, बऱ्याचशा नदीकाठच्या उतारांवर. वर दरडी कोसळणारा डोंगर. १९५८ मध्ये एक बांध फुटला आणि सुमारे ६ लाख घनमीटर गाळ नदीत गेला. त्यामुळे कुठला ढीग हलवायचा, कुठला जागेवरच झाकायचा, हे आधी मोजमाप करूनच ठरवावं लागतं.

गावकऱ्यांना अर्ज करता येत नसला, तरी पर्यावरण अहवालाच्या जनसुनावणीत बोलता येतं. माझ्या मते तिथे नुसती तक्रार करण्यापेक्षा गुरं कुठे चरतात, पाणी कुठून भरतात, ढिगातला दगड कोणाच्या घराला लागलाय, हे नकाशावर दाखवून लेखी द्यावं.

निविदा कोणत्याही देशातल्या कंपन्यांना खुल्या असतात. भारत तर २०१८ पासून बँकेचा सभासदच आहे. अशाच कामाचा अनुभव, लेखापरीक्षित ताळेबंद आणि बोलीची हमी तयार ठेवा. निविदा ईबीआरडीच्या संकेतस्थळावर निघतात.