ओला कचरा जिरवणे

स्वयंपाकघरातला कुजणारा कचरा घरी किंवा गावातच कुजवून त्याचे खत अथवा बायोगॅस करणे. नाशिकच्या घरांत मेथीचे देठ, कांद्याची टरफले, द्राक्षांचे रिकामे घड, चहाचा चोथा, खरकटे आणि देवघरातले निर्माल्य हा त्याचा मुख्य ऐवज. तोच ऐवज पिशवीत गाठ मारून कचऱ्याच्या ढिगावर गेला की हवेविना सडतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

कचऱ्याला हवा मिळाली तर खत होते, हवा बंद केली तर गॅस.

खतासाठी भोके पाडलेली बादली किंवा माठ पुरतो. भाजीपाल्याच्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) जास्त आणि कर्ब (कार्बन) कमी असतो; जिवाणूंना मात्र एक भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कर्ब मानवतो. म्हणून कचऱ्याच्या प्रत्येक थरावर पाचोळ्याचा थर लागतो. थंडीत कॉलनीच्या कोपऱ्यावर लोक पाचोळा पेटवून देतात, तेव्हा जीव हळहळतो. बादलीतल्या कचऱ्याला हवा असतो तो हाच. विरजण म्हणून आंबट ताक किंवा मूठभर जुने खत चालते. ओल कळायला मूठ दाबून पाहावी: गोळा बसावा, पण बोटांतून पाणी गळू नये. पाणी गळले तर वास येणार, आणि त्यावर पाचोळा वाढवणे हाच उपाय. लिंबू-संत्र्याच्या साली बेताने घालाव्यात. दोन-तीन महिन्यांत खत काळे, भुसभुशीत होते आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो.

बायोगॅसमध्ये एका गटाचे जिवाणू अन्नाचे आम्ल करतात आणि दुसरे त्या आम्लाचा मिथेन. गॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शेण जनावराने आधीच पचवलेले असते, म्हणून किलोमागे शिळ्या भात-पोळीतून त्याहून कितीतरी जास्त गॅस निघतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेत आनंद कर्वे यांनी याच तत्त्वावर घरगुती संयंत्र घडवले. संस्थेला शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा २००६ चा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. मिथेन करणारे जिवाणू मात्र नाजूक असतात. सणावारी उरलेले सगळे अन्न एकदम ओतले की आम्ल साचते आणि गॅस पेटेनासा होतो. अशा वेळी चार-आठ दिवस काही न घालता थोडा शेणकाला सोडावा. ३५ अंशांच्या आसपास त्यांचे काम जोरात चालते, त्यामुळे नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत गॅस उतरतो. संयंत्र उन्हात ठेवलेले बरे.

शहराच्या पातळीवर विल्होळीजवळ महापालिकेचा वीजप्रकल्प जर्मनीच्या 'जीआयझेड' या संस्थेच्या सहकार्याने २०१७ मध्ये सुरू झाला. हॉटेलांतले उरलेले अन्न आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवून त्यातल्या गॅसवर वीज करायची, ही त्याची कल्पना. घनकचरा नियम, २०१६ नुसार ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक झाले. माझ्या मते सगळे इथेच ठरते, कारण काचेचा तुकडा किंवा दुधाची पिशवी कोणताही जिवाणू पचवत नाही.

गॅस काढून घेतला तरी नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) ही झाडांची अन्नद्रव्ये बहुतांशी मागे राहिलेल्या पातळ राबडीत, म्हणजे स्लरीतच असतात. ती पाणी घालून पातळ करावी आणि कढीपत्त्याच्या कुंडीत बुंध्यापासून थोडी लांब ओतावी.