हार मानणं शिकावं लागत नाही

तो उंदरांचा किस्सा व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतोय. पाण्यात टाकलेला उंदीर १५ मिनिटांत बुडतो. पण त्याला एकदा बाहेर काढून परत टाकलं, तर आशेच्या जोरावर ६० तास पोहतो म्हणे. हा किस्सा ज्यावरून घेतला, त्या शास्त्रज्ञ कर्ट रिक्टर यांच्या १९५७च्या लेखात दोन निराळे गट आहेत. ४० ते ६० तास पोहले त्यांत पाळीव उंदीर होते, कुणी न वाचवताच. मिनिटांत मेले ते रानटी. रानटी उंदरांना आधी थोडं धरून-सोडून, पाण्यात बुडवून-काढून सरावलं की तेही तगायचे, एवढं खरं. दोन गटांचे आकडे शिवून त्याला 'आशा' हे नाव चिकटवलं, की झालं व्याख्यान तयार.

चिकाटीबद्दल खरं काही सांगणारा प्रयोग १९६७चा, मानसशास्त्रज्ञ सेलिगमन आणि मायर यांचा. एका कुत्र्याला विजेचे झटके बसत, पण डोक्याने फळी दाबली की थांबत. दुसऱ्याला तेवढेच झटके, तितकाच वेळ. थांबवणं मात्र त्याच्या हाती नाही. नंतर दोघांना अशा पेटीत ठेवलं, जिथे बुटकी आडफळी ओलांडली की सुटका. पहिल्याने पटकन उडी मारली. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे तिथेच झटके सोसत पडून राहिले. निष्कर्ष निघाला, की ते हतबलता 'शिकले'.

इथपर्यंत पाठ्यपुस्तकात असतं. मला मोह पडतो तो पुढच्या भागाचा. मायर नंतर मेंदूकडे वळले. सतत त्रास झाला, की मेंदूच्या देठातल्या डॉर्सल राफे या गाठीतल्या पेशी सेरोटोनिन सोडू लागतात आणि प्राणी घाबरट, निपचित होतो. (हो, तेच सेरोटोनिन, ज्याला 'आनंदाचं रसायन' म्हणून खपवतात.) ही प्रतिक्रिया उपजत, ती शिकायची नसते. शिकायचं असतं ते उलट: 'माझ्या कृतीने हे थांबतं.' ते हेरतो कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, आणि खाली राफेला लगाम घालतो.

पुरावा फार देखणा आहे. चाक फिरवून झटका थांबवणाऱ्या उंदरांचा हा भाग औषधाने तेवढ्यापुरता बधिर केला. उंदीर चाक पूर्वीसारखंच फिरवत होते, झटके थांबतही होते. पण नंतर ते वागले अगदी हतबलांसारखे. म्हणजे सुटका होऊन भागत नाही, ती आपल्यामुळे झाली याची मेंदूत नोंद व्हावी लागते. आणि एकदा झालेली नोंद पुढे जिथे खरंच काही हाती नाही अशा त्रासातही ढाल होते. २०१६ साली मायर आणि सेलिगमन या दोघांनी मिळून लिहून टाकलं, की आपला मूळ सिद्धांत उलटा होता.

अर्थात उंदरांवरून माणसावर उडी मारताना जपून. तरी अहवाल चौथ्यांदा परत आलाय, का ते कुणी सांगत नाही, आणि समोरचा म्हणतो 'सकारात्मक राहा', तेव्हा मला १९६८मधल्या प्रयोगातले तसेच हतबल कुत्रे आठवतात. त्यांना खाऊचं आमिष दाखवलं, आडफळीच काढून टाकली, तरी हलेनात. शेवटी गळ्यात दोरी बांधून पलीकडे ओढावं लागलं, परत परत. आधी जोर लावून, मग थोडासा हिसका पुरला, आणि मग एका फेरीत दोरी सैलच राहिली.