नेत्सुके की ओकिमोनो? आधी उलटं करून बघा

जपानी कोरीवकाम जमवायचा नाद लागला की पहिला घोळ इथेच होतो. मुठीत मावणारा हस्तिदंती उंदीर असतो. विकणारा त्याला नेत्सुके म्हणतो, आणि जाणकार उलटा करून बघतो नि म्हणतो, छे, हा ओकिमोनो.

किमोनोला खिसे नसतात. एदो काळातले (1603–1868) पुरुष तंबाखूची पिशवी किंवा औषधांची छोटी डबी, म्हणजे इन्रो, दोरीने ओबीला, कमरेच्या पट्ट्याला लटकवत. दोरी पट्ट्यामागून वर काढायची आणि ती निसटू नये म्हणून वरच्या टोकाला अडकण लावायची; ती अडकण म्हणजे नेत्सुके. आपल्याकडे चंची कमरेला खोचत, तशीच ही सोय. ओकिमोनोला असलं काही काम नाही. तो कोनाड्यात किंवा फळीवर मांडून ठेवायचा.

नेत्सुकेची सगळी गंमत त्याच्या कामात आहे. सतत कपड्याला घासणार, म्हणून टोकं बाहेर काढायची नाहीत. क्योतोच्या तोमोतादा या कोरक्याचे बैल बघा: पाय पोटाखाली घेऊन बसलेले, कासरा अंगालगत, कुठेही बोट अडत नाही. चारपाच सेंटिमीटरच्या आत हे सगळं बसवायचं, आणि शिवाय दोरी ओवायला दोन भोकं. बऱ्याचदा एक भोक जरा मोठं असतं, गाठ आत लपावी म्हणून. काही कारागीर भोकं पाडतच नाहीत. प्राण्याच्या पायामधल्या फटीतून दोरी काढतात. मला ही चलाखी सर्वांत आवडते. पट्ट्यावर लटकणारी वस्तू चहूबाजूंनी दिसते, म्हणून बुडाकडचे पंजेसुद्धा नीट कोरलेले असतात.

एदोनंतरच्या मेइजी काळात (1868–1912) कोट-पँट आणि सिगारेट आली, कमरेची पिशवी गेली आणि नेत्सुकेची गरजच संपत आली. पण परदेशी गिऱ्हाईक वाढलं होतं. तेव्हा अनेक कोरक्यांनी हात ओकिमोनोकडे वळवले. आता अडसर उरला नाही: बुड सपाट, मासेमाराच्या हातात काडीसारखा गळ, टोपलीबाहेर लोंबणारे मासे. कौशल्य अफाट आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. तरी तो काचेआड बघायचा जिन्नस. नेत्सुके मात्र हातात खेळवायचा.

भोकं आहेत म्हणजे नेत्सुकेच, असंही नाही. छोट्या ओकिमोनोला मागाहून भोकं पाडून विकतात. अशी भोकं भलत्या जागी असतात, दोरी ओवली की मूर्ती वाकडी लटकते, आणि कडा धारदार राहतात. वापरलेल्या तुकड्यात दोरीने कडा गुळगुळीत झालेल्या असतात आणि उंचवट्यांवरची रेघ झिजलेली असते. अर्थात, निर्यातीसाठी केलेलं, कधीच न वापरलेलं अस्सल नेत्सुकेही असतं, त्यामुळे झीज नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका.

तुकड्यावरच्या कोरक्याच्या सहीवर तर मुळीच भुलू नका. तोमोतादाच्या बैलांच्या नकला बाजारात फार आहेत, अशी तक्रार 1781 सालच्या ‘सोकेन किशो’ या जपानी ग्रंथातच आहे.

भारतात राहून जमवायचं असेल तर हस्तिदंताचा विचार सोडा. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. जुने उस्ताद त्सुगे नावाच्या पिवळसर, घट्ट लाकडातही तितकंच बारीक काम करत. तिथूनच सुरुवात करा.