पुढचा शॉकअप कडक? जाड ऑइल हा इलाज नव्हे

जुन्या बाइकचं हँडल खड्ड्यात मनगटाला झटके देऊ लागलं की सल्ला ठरलेला: "जाड ऑइल भर, जरा जास्तच भर." यानं दुखणं वाढतं. साध्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन शॉकअप नळ्यांत, ऑइल बारीक भोकांतून ढकललं जातं. अचानक दणका बसला की जाड ऑइल तिथून वेळेत निघत नाही आणि दणका थेट हातात येतो. जास्त भरलं तर वरची हवेची जागा घटते, फोर्क दबता दबता दगड होतो. जुनं ऑइल काढून बघा, बहुधा काळं, गाळकट निघेल. मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच (जाडीचंच) भरा, दोन्ही नळ्यांत पातळी सारखी. एक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) क्लॅम्प बोल्ट, म्हणजे त्याला नळीत पकडून ठेवणारा बोल्ट, आवळण्याआधी पुढचा ब्रेक धरून फोर्क चारपाचदा दाबा. नळ्या तिरक्या अडकल्या असतील तर कुठलंही ऑइल घाला, फरक शून्य.