स्प्रिंग दिसते, पण भार पट्टीवर

जर्मनीच्या रुर खोऱ्यातलं ओबरहाउझेन म्हणजे एके काळी कोळसा आणि पोलाद. पर्यटकांनी वाट वाकडी करून यावं असं हे शहर नव्हेच. तरीही त्या बाजूला गेलात तर कायझरगार्टन या बागेत जरूर जा. बागेलगत राईन-हेर्न कालवा आहे आणि त्यावर एक अवाढव्य स्प्रिंग पसरलेली दिसते. जिन्यावरून आपली आपण उतरत जाणारं 'स्लिंकी' नावाचं खेळणं लहानपणी पाहिलं असेल, अगदी तेच. हा चालणाऱ्यांसाठीचा पूल आहे आणि त्याचं नावही 'स्लिंकी स्प्रिंग्ज टू फेम'. २०११ साली तो खुला झाला. कल्पना टोबियास रेबेर्गर या कलावंताची, हिशेब श्लाइख बेर्गरमान या अभियंत्यांच्या कंपनीचा.

स्प्रिंगला ४९६ वेढे आहेत, ॲल्युमिनियमचे. पाहणाऱ्याला वाटतं, पूल त्यांनीच तोलून धरलाय. पण उद्या सगळे वेढे उतरवून ठेवले तरी पूल जागचा हलणार नाही. ते निव्वळ शोभेचे. मला तरी ही गंमत पुलाच्या रंगीबेरंगी वाटेपेक्षा जास्त आवडते.

खरं ओझं वाहतात पायाखालच्या दोन पोलादी पट्ट्या. जाडी जेमतेम ३ सेंटिमीटर आणि मधला गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ६६ मीटरचा! एवढी पातळ पट्टी कशी पुरते? साधी तुळई भार घेताना वाकते. तिचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधल्या पोलादाला फारसं काम उरत नाही. म्हणून तुळई उंच, जाडजूड करावी लागते. इथे पट्टी वाकून नव्हे, ताणली जाऊन भार घेते. ताणात पोलादाचा कण न् कण कामाला लागतो, त्यामुळे थोडक्यात भागतं.

अर्थात फुकट काहीच नाही. कपडे वाळत घालायची दोरी अगदी ताठ बांधायला गेलं की भिंतीतली खुंटी उपटून येते, तोच प्रकार. दोरीला झोळ जितका कमी, तितका ताण जास्त. झोळ निम्मा केला की ताण दुप्पट. पुलावर माणसं चालणार, म्हणून झोळ फार ठेवता येत नाही. समजा, झोळ गाळ्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतका ठेवला, तर पट्ट्यांमधली ओढ त्या गाळ्यावरच्या एकूण वजनाच्या सहापट भरते. म्हणून पोलाद उच्च ताकदीचं वापरलंय आणि मधल्या गाळ्याच्या दोन्ही टोकांचे खांब तिरके ठेवलेत. ही ओढ त्यांच्यावरून पुढे जाते आणि पट्ट्यांच्या टोकांशी असलेल्या भक्कम पायांमार्फत जमिनीत उतरते.

दुसरी अडचण हेलकाव्यांची. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. पुलाचं स्वतःचं आंदोलन त्या तालाशी जुळलं की हादरे वाढत जातात. बाजूला डुलण्याचा ताल याहून संथ असतो, कारण डावं-उजवं मिळून एक झोका होतो. लंडनचा मिलेनियम पूल २००० साली असाच आडवा डुलायला लागला आणि उघडल्यावर दोनच दिवसांत बंद करावा लागला. धक्के शोषणारी यंत्रणा बसवून तो पुन्हा सुरू व्हायला २००२ उजाडलं. ओबरहाउझेनला पट्ट्यांवर काँक्रीटच्या लाद्या बसवल्यात. वजन वाढलं की हादरा कमी होतो, शिवाय सांध्यांमध्ये थोडी ऊर्जा घर्षणात जिरते. तरी पूल अगदी निश्चल केलेला नाही. वाटेवर लवचीक रंगीत थर आहे, चालताना पाय किंचित उसळतो. स्प्रिंगच्या पोटातून जाताना तेवढं हवंच की.

पुलाची एकूण लांबी ४०६ मीटर, पण ताणलेल्या पट्ट्यांचा भाग जेमतेम १०६ मीटरचा. बाकी सगळे चढ-उताराचे रॅम्प. कालव्यातून मालवाहू जहाजं जातात, त्यामुळे पूल पाण्यापासून सुमारे १० मीटर उंच ठेवावा लागला आणि तिथवर चढायला वळणं घेत जाणारी वाट करावी लागली. हे रॅम्प पट्ट्यांवर टांगता आले नसते, कारण ताणलेली पट्टी वळण घेत नाही, सरळ व्हायला पाहते. ते नेहमीसारखे जवळजवळ रोवलेल्या खांबांवर उभे आहेत. वेढे दोन्हीकडे सारखेच असल्याने वर चालताना हा बदल ध्यानात येत नाही. तो पाहायचा तर कालव्याच्या काठी उतरून खांब बघा: तिरके खांब दिसले की समजायचं, मधला गाळा तिथे संपला आणि थोडं पुढे पट्ट्याही संपतात.